भ्रमाची घडण : सैलानीच्या यात्रेच्या निमित्तानें

फाल्गुन महिन्यांत होळीचा सण जवळ आला, कीं बुलढाणा जिल्ह्यांतील पिंपळगांव सराई या गांवाकडे जाणारे रस्ते माणसांनीं फुलून जातात. या गांवाजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. वऱ्हाड, मराठवाडा, खानदेश आणि त्याहूनहि दूरचे लोक येथील यात्रेस येतात. त्यांत हिंदु असतात, तसेच मुसलमानहि असतात. होळीच्या वेळीं येथें नारळांची मोठी होळी पेटते. अंगावरून उतरलेला नारळ आणि अंगावरचे कपडे त्या आगींत पडले, म्हणजे अंगांतली बाधाहि त्यांबरोबर जळते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. येणाऱ्यांमध्यें नवस फेडणारे पुष्कळ असतात. परंतु या स्थानाची ख्याति ज्यामुळें दूरवर पसरली, तें कारण वेगळें आहे. घरांतील जें माणूस एकाएकीं बदललें, जें रात्रंदिवस जागें राहूं लागलें, कोणी तरी आपल्या वाइटावर आहे असें ज्याला वाटूं लागलें, त्याला घेऊन त्याचीं आईबापें किंवा भाऊ येथें येतात. आणि ही ये-जा केवळ यात्रेपुरती नसते, ती वर्षभर चाललेली असते.

या गोष्टीकडे पाहण्याच्या दोन रीति आपल्या सुशिक्षित समाजांत रूढ आहेत. एक वर्ग अंधश्रद्धा म्हणून पाठ फिरवितो. दुसरा वर्ग हात जोडतो आणि विचारावयाचें थांबतो. दोघांचेंहि लक्ष दर्ग्याकडे असतें. ज्याला तेथें आणलेलें असतें, त्याच्याकडे नसतें. त्याला जें वाटतें, तें कां वाटतें? शेजारी आपल्या जेवणांत विष कालवितो, बायकोच्या रूपानें दुसरीच कोणी घरांत वावरते, आपल्या डोक्यांतले विचार कोणी तरी काढून घेतो, अशी दृढ समजूत एखाद्या चांगल्या कर्त्या माणसाच्या मनांत कोणत्या वाटेनें शिरते? या प्रश्नाला स्वतःचा इतिहास आहे. तो थोडक्यांत पाहण्याचा या लेखाचा हेतु आहे; कारण तो पाहिल्यावर सैलानीच्या वाटेवरील त्या माणसाकडे पाहण्याची आपली दृष्टि बदलल्यावांचून राहत नाहीं.

प्रथम शब्दांचा विचार करूं. जवळ कोणी नसतां आवाज ऐकूं येणें हा भास होय. भ्रम ही त्याहून निराळी वस्तु आहे. भ्रम इंद्रियांचा नसतो, समजुतीचा असतो. वेदान्त्यांचा दोरीवरील साप आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. अंधारांत दोरी साप वाटते, दिवा आणल्याबरोबर साप नाहींसा होतो. मनोविकारांतील भ्रमाचें लक्षण असें, कीं दिवा आणला तरी साप जात नाहीं. उलट, दिवा आणणाराच सापाचा साथीदार ठरतो. आपल्या भाषेनें या अवस्थेसाठीं जे शब्द घडविले, त्यांत त्या त्या काळची उपपत्ति दडलेली आहे. ‘पिसें’ या शब्दाचा संबंध पिशाचाशीं जोडतात. झपाटणें, पछाडणें, लागणें या क्रियापदांत कोणी तरी बाहेरून येऊन माणसाचा ताबा घेतो, हें गृहीत धरलेलें आहे. फ्रेंच भाषेंत भ्रमाला जो शब्द आहे, तो ज्या लॅटिन क्रियापदापासून निघाला, त्याचा मूळ अर्थ नांगराचें तास सोडून जाणें असा आहे. एका भाषेनें कारण सांगितलें, दुसरीनें केवळ वर्णन केलें. कारण सांगण्याची घाई माणसाला किती असते, तें पुढें दिसेलच.

बाहेरच्या शक्तीवर सर्व भार टाकण्यास आपल्याकडेहि फार पूर्वीं हरकत घेतली गेली होती, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. चरकसंहितेच्या निदानस्थानांत उन्मादावर स्वतंत्र अध्याय आहे. मन, बुद्धि, संज्ञाज्ञान, स्मृति, भक्ति, शील, चेष्टा आणि आचार या आठांचा विभ्रम म्हणजे उन्माद, अशी व्याख्या तेथें केली आहे. यांतील ‘भक्ति’ म्हणजे आवड किंवा ओढ. माणसाची ओढच बदलून जाते, हें निरीक्षण मोठें मार्मिक आहे. वात, पित्त, कफ आणि सन्निपात यांपासून होणारे चार प्रकार सांगून पांचवा आगन्तु प्रकार सांगितला आहे. त्यांत देव, गंधर्व, राक्षस, पिशाच यांच्या बाधेचा समावेश होतो. परंतु त्याच अध्यायाच्या अखेरीस ग्रंथकार असा अभिप्राय देतो, कीं जो स्वतःच्या कर्मानें क्लेशांत पडला नाहीं, त्याला देव, गंधर्व किंवा पिशाच पीडा देत नाहींत. आपल्या प्रज्ञापराधानें उत्पन्न झालेल्या व्याधीबद्दल त्यांना दोष देऊं नये. भुतांचें अस्तित्व न नाकारतां रोगाचें मूळ माणसाच्या ठायींच शोधण्याचा हा प्रयत्न आहे. मात्र दोष भुतांवरून काढला, तो रोग्याच्या कर्मावर गेला. रोगी निर्दोष आणि रोगाचें कारणहि त्याच्याच देहांत, ही कल्पना यावयास आणखी पुष्कळ काळ जावा लागला.

वऱ्हाडच्या इतिहासांत या प्रश्नाला आणखी एक पैलू आहे. तेराव्या शतकांत अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर येथें श्रीगोविंदप्रभु होऊन गेले. महानुभाव पंथ त्यांना परमेश्वराचा अवतार मानतो; त्याच गांवांतले कित्येक लोक त्यांना वेडे समजत, आणि पंथाच्या चरित्रग्रंथानें ही गोष्ट लपविलेली नाहीं. बुलढाणा जिल्ह्यांतल्याच शेगांवीं २३ फेब्रुवारी १८७८ रोजीं गजानन महाराज प्रकट झाले. उष्ट्या पत्रावळींवरचे अन्नकण वेंचून खाणारा तो पुरुष काहींना प्रथमदर्शनीं वेडाच वाटला, आणि थोड्याच दिवसांत सारें गांव त्यांच्या पायांशीं आलें. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. वागणें किंवा बोलणें चमत्कारिक आहे, एवढ्यावरून कोणास भ्रमिष्ट ठरवितां येत नाहीं. आधुनिक मनोविकारशास्त्रानेंहि आपल्या व्याख्येंत ही मर्यादा पाळली आहे : जी समजूत त्या माणसाचा समाज सर्वसाधारणपणें मानतो, ती भ्रमांत धरावयाची नाहीं. मुलाला बाधा झाली असें मानणारी सैलानीच्या वाटेवरील आई भ्रमिष्ट नव्हे. तिनें आपल्या समाजाजवळचें उत्तर उचललें आहे, इतकेंच. मुलाची समजूत मात्र त्याची एकट्याची असते, आणि तिच्या वांट्याला कोणी भागीदार येत नाहीं. भ्रमाचें खरें दुःख या एकटेपणांत आहे.

आतां युरोपाकडे वळूं. तेथें इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यानें आपल्या १६९० च्या सुमाराच्या ग्रंथांत एक महत्त्वाचा विचार मांडला. वेड्याची तर्कशक्ति नष्ट झालेली नसते. तो चुकीच्या गृहीतावरून बरोबर अनुमानें काढतो, असें त्याचें म्हणणें होतें. स्वतःस राजा समजणारा माणूस इतरांकडून मुजऱ्याची अपेक्षा करतो, हें त्याच्या गृहीतास धरूनच आहे. मग तें गृहीत कोठून येतें? १८१० सालीं लंडनच्या बेथलेम इस्पितळांतील जॉन हॅस्लम यानें एकाच रोग्यावर संबंध पुस्तक लिहिलें. जेम्स टिली मॅथ्यूज हा चहाचा दलाल अशा समजुतीचा होता, कीं जवळच लपलेली एक टोळी वायूंवर चालणाऱ्या एका मागाच्या साहाय्यानें आपल्या आणि मंत्र्यांच्याहि मनांत विचार विणते. विणकामाचीं यंत्रें आणि निरनिराळ्या वायूंचे शोध या दोहोंनीं तो काळ भारून गेला होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे या समजुतीचें द्रव्य कोठून आलें तें कळतें. १९१९ सालीं व्हिएन्नाच्या व्हिक्टर टाउस्क यानें रोग्यांच्या मनांतील अशा ‘यंत्रां’वर निबंध लिहिला. पुढें तारायंत्र, बिनतारी, दूरचित्रवाणी आणि आज मोबाईल, कॅमेरे व उपग्रह हे सर्व क्रमाक्रमानें भ्रमांत दाखल झाले. आपल्याकडेहि एकाच जिल्ह्यांत वडील पिढीचा रोगी करणी, मूठ, भानामतीची भाषा बोलतो आणि शहरांत शिकून आलेला तरुण आपल्या मोबाईलवर कोणी पाळत ठेवली आहे असें सांगतो. कथा बदलते, आपण कोणाच्या तरी लक्षाचा विषय झालों आहों, हा गाभा बदलत नाहीं. तेव्हां भ्रमाचे दोन भाग वेगळे पाहावयास हवेत : एक त्याचें बळ, आणि दुसरी त्याची कथा. कथा समाज पुरवितो. बळ कोठून येतें, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचें पहिलें समर्थ विवेचन कार्ल यास्पर्स या जर्मन पंडितानें १९१३ सालच्या आपल्या मनोविकृतिशास्त्रावरील ग्रंथांत केलें. भ्रम जन्मण्यापूर्वीं एक वातावरण जन्मतें, हें त्यानें दाखविलें. जग बाहेरून तेंच असतें, परंतु त्यांत कांहीं तरी बदललें आहे, कांहीं तरी घडणार आहे, असें रोग्यास वाटत राहतें. क्लाउस कॉनराड यानें महायुद्धाच्या काळांत तपासलेल्या सैनिकांच्या आधारें १९५८ सालीं हीच वाट टप्प्याटप्प्यानें रेखाटली. पहिल्या अवस्थेला त्यानें नटांच्या बोलींतलें नांव दिलें. रंगमंचावर पाऊल टाकण्यापूर्वीं नटाच्या पोटांत जो गोळा येतो, त्याचें तें नांव आहे. दुसऱ्या अवस्थेंत अर्थ एकदम प्रकट होतो.

हें नीट समजण्यासाठीं एक कल्पित उदाहरण घेऊं. चिखली तालुक्यांतला एक तरुण पुण्यास परीक्षांची तयारी करीत होता. यश आलें नाहीं, तो गांवीं परतला. त्याची झोंप उडाली. कित्येक आठवडे त्याला उगीच धास्ती वाटते. सोयाबीनच्या शेतांत वारा सुटला तरी अंगावर कांटा येतो. पानाच्या टपरीवर दोघे हसले, तें हसणें त्याला टोंचतें. एस. टी. चा भोंगा दोनदां वाजला, तो दोनदांच कां वाजला, हें त्याच्या मनांतून जात नाहीं. आपणां निरोगी माणसांच्या कानांवरून दिवसभरांत अशा शेंकडों गोष्टी निघून जातात. मन त्यांस बिनमहत्त्वाच्या ठरवून सोडून देतें. त्याचें मन तें सोडूं शकत नाहीं. प्रत्येक क्षुल्लक वस्तु त्याच्याकडे बोट दाखवून कांहीं तरी सांगूं पाहते, आणि काय सांगते तें कळत नाहीं. ही स्थिति असह्य असते. मग एके दिवशीं उलगडा होतो : चुलत्यानें जमिनीच्या वादापायीं सारें गांव आपल्याविरुद्ध उठविलें आहे! टपरीवरचें हसणें, भोंगा, वारा, सर्व कांहीं एका सूत्रांत ओंवलें जातें. उलगडा भयंकर असतो, परंतु तो उलगडा असतो. अज्ञात भीतीपेक्षां ज्ञात शत्रु बरा. म्हणूनच कित्येक रोग्यांस या क्षणीं भयाबरोबर एक प्रकारची सुटकाहि वाटते, आणि म्हणूनच तें उत्तर सोडावयास त्यांचें मन पुढें तयार होत नाहीं.

ब्रेंडन माहर या मानसशास्त्रज्ञानें १९७४ सालीं याच धोरणानें असें प्रतिपादन केलें, कीं भ्रम हा विलक्षण अनुभवाचा उलगडा करण्याचा साध्या बुद्धीचा प्रयत्न असतो. परंतु अनुभव विलक्षण कां होतो, याचा सुगावा औषधांनीं दिला. या कथेंत आपल्या देशाचाहि वांटा आहे. सर्पगंधेची मुळी बिहारकडे वेडाचें औषध म्हणून पूर्वापार ओळखली जात असे. १९३१ सालीं कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनीं उन्मादांत आणि रक्तदाबांत तिचा उपयोग होतो, हें वैद्यकीय नियतकालिकांतून जाहीर केलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडांत या मुळींतून रेसरपीन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें, आणि त्याच सालीं पॅरिस येथें क्लोरप्रोमाझीन हें औषध मनोरुग्णांस प्रथम पद्धतशीरपणें दिलें गेलें. दोन्हीं औषधांच्या वाटा निराळ्या, पण मुक्काम एकच निघाला : मेंदूंतील डोपामीन या द्रव्याचें कार्य त्यांनीं मंद होतें. स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांच्या संशोधनानें १९६३ पासून या दिशेस बळकटी आली. पुढें २००३ सालीं भारतीय वंशाचे मनोविकारतज्ज्ञ शितिज कपूर यांनीं हे दोन धागे जोडले. कोणती गोष्ट महत्त्वाची आणि कोणती टाकाऊ, याचा शिक्का मेंदूंत मारण्याच्या कामीं डोपामीनचा हात असतो. हा शिक्का अवेळीं आणि भलत्याच गोष्टींवर पडूं लागला, म्हणजे भोंगा आणि वारा देखील अर्थानें भरून जातात. रोग्याची बुद्धि त्या अर्थाची कथा बांधते.

या उपपत्तींतून निघणारी एक गोष्ट प्रत्येक कुटुंबानें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. औषध भ्रम पुसून टाकीत नाहीं. तें त्याचें बळ कमी करतें. नवे शिक्के पडावयाचे थांबतात, जुनी कथा मात्र कांहीं काळ तशीच राहते आणि हळूहळू फिकी पडते. पंधरा दिवसांत मुलगा अजून तेंच बोलतो म्हणून निराश होऊन गोळ्या बंद करणारे आईबाप नेमके या जागीं फसतात. अर्थात् ही उपपत्ति म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. १९८८ सालीं लंडनच्या संशोधकांनीं मण्यांच्या दोन बरण्यांचा एक साधा प्रयोग केला. मणी कोणत्या बरणींतून येत आहेत, तें ओळखावयाचें होतें. भ्रम असलेले रोगी इतरांपेक्षां कमी मणी पाहून निर्णयास येत. उत्तराची घाई हाहि भ्रमाच्या घडणीचा एक भाग आहे, असें यावरून दिसतें. निद्रानाश, गांजा, बालपणींचे आघात आणि एकाकीपणा यांचाहि वांटा त्यांत असतो. वार्धक्यांतील मेंदूच्या विकारांत भ्रम वेगळ्याच वाटेनें येतात.

आतां पुन्हां सैलानीकडे पाहूं. उत्तराची घाई एकट्या रोग्यासच असते असें नाहीं. ती त्याच्या घरालाहि असते. बाधेचें उत्तर घराला तीन गोष्टी देतें : रोग्यावर दोष येत नाहीं, कांहीं तरी करतां येतें, आणि आपल्यासारखीं इतर माणसें भेटतात. यांची किंमत थोडी नाहीं. तामिळनाडूंतील एका देवळांत राहिलेल्या ३१ मनोरुग्णांची पाहणी रघुराम आणि त्यांचे सहकारी यांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केली. सरासरी सहा आठवड्यांच्या त्या वास्तव्यांत औषधावांचून त्यांच्या लक्षणांत सुमारें २० टक्के उतार पडला होता. तेथें मारहाण नव्हती, बंधनें नव्हतीं. आधार देणारी शांत जागा मात्र होती. उलट, त्याच तामिळनाडूंत एरवाडीच्या दर्ग्याच्या परिसरांतील एका खाजगी आश्रमास ६ ऑगस्ट २००१ रोजीं आग लागली, तेव्हां सांखळ्यांनीं जखडलेले २८ मनोरुग्ण जागच्या जागीं जळून मेले. दोन्हीं ठिकाणीं श्रद्धा होती. फरक सांखळीचा होता.

सांखळीचा हा दोष केवळ श्रद्धास्थानांच्याच माथीं मारणें न्यायाचें नाहीं. १८५८ आणि १९१२ चे ब्रिटिश कायदे रोग्याला ‘वेडा’ म्हणून कोंडून समाजाचें रक्षण करण्याच्याच बुद्धीचे होते. १९८७ च्या कायद्यानें शब्द सुधारले. रोग्याच्या हक्कांना प्रथम स्थान मिळालें तें २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यांत, आणि रोग्यास सांखळदंडानें बांधण्यास त्यानें स्पष्ट मनाई केली. महाराष्ट्रांत २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानें भूत उतरविण्याच्या नांवाखालीं मारहाण करणें गुन्हा ठरविलें. परंतु कायदा हात धरतो, वाट दाखवीत नाहीं. विदर्भाचें मनोरुग्णालय १८६४ पासून नागपुरास आहे, आणि बुलढाण्याहून नागपूर ३०० किलोमीटरांहून अधिक दूर पडतें. घरच्या माणसाला सैलानी जवळचें वाटलें, तर त्यांत नवल काय? भ्रम सुरू होऊन उपचार मिळेपर्यंत जितका काळ जातो, तितका पुढें गुण येणें कठीण होतें, हें आतां पुष्कळ अभ्यासांवरून सिद्ध झालें आहे. दर्ग्याच्या फेऱ्यांत खरें नुकसान होतें तें या काळाचें. गुजराथेंत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यांत यावर एक उपाय योजण्यांत आला : मुजावरांच्या संमतीनें त्याच आवारांत मनोविकारतज्ज्ञ बसूं लागले, दुवा आणि दवा शेजारीं आल्या. कोणास आपली श्रद्धा टाकावी लागली नाहीं. जेथें रोगी आपण होऊन येतो, तेथें वैद्यानें जावें, हा त्यांतला साधा विचार सैलानीसारख्या स्थानांसहि लागू पडण्यासारखा आहे.

घरांतील माणसांनीं काय करावें, हेंहि या इतिहासांतून निघतें. भ्रमिष्ट माणसाची बुद्धि गेलेली नसते. तिच्यापुढें साक्षीदार खोटे आलेले असतात. म्हणून त्याच्याशीं वाद घालून तो जिंकतां येत नाहीं, आणि त्याचें समाधान व्हावें म्हणून त्याच्या कथेस होकार भरणेंहि बरें नव्हे. चुलता खरोखर शत्रु आहे किंवा नाहीं, या प्रश्नांत न शिरतां, “तुला फार भीति वाटते आहे, झोंप येत नाहीं, त्यासाठीं आपण डॉक्टरांकडे जाऊं,” असें म्हणतां येतें. कारण कथा खोटी असली तरी भीति खरी असते, आणि भीतीवर दोघांचें एकमत होऊं शकतें. नारळ वाहावयाचा असेल, तर त्यानें वाहावा. परंतु नारळाची वाट पाहण्यांत औषधाचे महिने जाऊं नयेत.